घर विकणे आहे

आमच्या पोलादपूर तालुक्यात घर सहसा विकले जात नाही. विकले जाते ते लाकूड. जुन्या लाकडाचा व्यापारी येतो तेव्हा तो घराकडे पाहतसुद्धा नाही. ओटीवर पाय ठेवला की पहिल्या खांबावर बोटाची पेरे आपटतो, नखाने थोडे खरवडतो, वास घेतो. मग मान वर करून तुळया मोजतो. सागवान किती, किंजळ किती, ऐन किती, हा हिशेब त्याच्या डोक्यात घरमालकाने पुढे केलेला चहा निवायच्या आत पुरा झालेला असतो. मग तो आकडा सांगतो. आठवडाभरात आढे खाली येते, वासे सुटतात, कौलांच्या चळती लागतात, आणि ज्या दाराला चार पिढ्यांनी तोरणे बांधली ते दार मुंबईच्या एखाद्या हॉटेलात भिंतीची शोभा म्हणून उभे राहते. गावात राहते ते जोते. पहिल्या पावसात त्यावर टाकळा उगवतो.

हे मनात घोळत होते ते एका जाहिरातीमुळे. माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडात असतो. मराठी विषय घेऊन पदवी मिळवली आणि पोटासाठी संगणकाचे काम करतो. पण जुन्या बाईंची आठवण ठेवून अधूनमधून काहीबाही पाठवीत असतो. या वेळी त्याने एका इंग्रजी खेड्यातले घर पाठवले. म्हणजे त्याचे चित्र आणि विक्रीचे वर्णन. घर सतराव्या शतकातले. कोणत्या मालकाने कोणता भाग केव्हा वाढवला, ओकच्या तुळया कोणत्या खोलीत उघड्या दिसतात, चूल कुठे होती, सफरचंदाची झाडे किती, रेल्वे स्टेशन किती मैलांवर, सारे त्यात होते. अलीकडच्या मालकाने घर पुरते दुरुस्त करून घेतले आणि आता तो विकतो आहे. किंमत मी वाचली आणि पुन्हा वाचली नाही.

मला नवल वाटले ते किमतीचे नव्हे. त्या जाहिरातीत घराला जन्मशक होता! आपल्याकडच्या जाहिराती आठवून पाहा. ‘रोडटच, एन. ए., सात-बारा क्लिअर.’ जमिनीवर घर असलेच तर त्याचा उल्लेख ‘जुने बांधकाम’ असा होतो, आणि तोही अशा सुरात की जणू शेतात एक खडक आहे, तो घेणाऱ्याने फोडून घ्यावा.

इंग्रज माणूस जात्याच जुन्याचा भोक्ता असतो, अशी आपली एक समजूत आहे. ती खरी नाही. विसाव्या शतकात त्याच इंग्लंडात शेकडो जुनी मोठी घरे पाडली गेली. वारसाकर भरता येईना, नोकरचाकर मिळेनात, छपरे गळू लागली. मग मालकांनी शिसे, लाकूड, दगड सारे काढून विकले. अगदी आपल्यासारखेच! १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये या पाडलेल्या घरांचेच एक प्रदर्शन भरले, तेव्हा कुठे लोक हळहळले. कायदा मात्र त्याआधीच आला होता. १९४७ च्या नगररचना कायद्यापासून तिथे जुन्या इमारतींची यादी होऊ लागली. आज इंग्लंडच्या यादीत सुमारे चार लाख नोंदी आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक राजवाड्यांच्या नव्हेत, साध्या घरांच्या आहेत. यादीत नाव चढले की मालकाला परवानगीवाचून खिडकी बदलता येत नाही. बदलली तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. म्हणजे तिथे घर घर म्हणून विकले जाते, कारण त्याचे लाकूड करून विकण्याची वाट कायद्याने बंद केली आहे. प्रेम असेलही, पण ते मागून आले असावे.

आता आमच्या घराकडे येते. आमचे म्हणजे माझ्या आजोळचे. पोलादपूरहून महाबळेश्वरची वाट आंबेनळी घाटात शिरते, त्याच्या अलीकडे एक फाटा फुटून आत गेला आहे. तिथले ते घर आठ खणी आहे. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, हे वर्गात सांगावे लागते. वर्गातली मुले महाडच्या नाहीतर माणगावच्या फ्लॅटमधून येतात. ‘मॅडम, माजघर म्हणजे हॉल का?’ असे एकीने विचारले होते. मी म्हटले, ‘नाही गं, हॉलमध्ये पाहुणा येतो, माजघरात पाहुणा येत नाही.’ तिला ते पटले. पण मग पडवी, ओटी, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली, माळा, परसू असे एकेक विचारता विचारता तास संपला आणि कविता राहून गेली.

या घराला जन्मशक नाही. आईच्या आजोबांनी ते ‘मोठ्या प्लेगानंतर’ बांधले, एवढेच सांगतात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि माणसे गावाकडे पळाली, त्यांत हे आजोबा होते. जोते काळ्या दगडाचे, भिंती दगडमातीच्या, वर मंगळुरी कौले. आमच्या भागात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेव्हा घर म्हणजे मुख्यतः छप्पर. बाकी सारे छपराला उभे ठेवण्यासाठी.

२०२१ च्या जुलैत त्या छपरानेही हात टेकले. २२ जुलैचा तो दिवस आमच्या दोन्ही तालुक्यांत कोणी विसरणार नाही. महाड शहर पाण्याखाली गेले, तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपुरातही दरडींनी घरे गाडली. त्या मानाने आमचे काहीच गेले नाही. मागची भिंत बसली, न्हाणी आणि गोठा तिच्याबरोबर गेला. घरात माणूस नव्हते. थोरले मामा वारल्यापासून घर बंदच होते.

थोरल्या मामांचा मुलगा, आमचा दादा, ठाण्याला बँकेतून निवृत्त झाला होता. तो पाहायला आला. एका अभियंत्याने सल्ला दिला की हे सारे उतरवा आणि स्लॅबचे बांधा. व्यापारी तर दुसऱ्याच दिवशी दारात हजर! दादा दोघांनाही नाही म्हणाला. का म्हणाला, ते त्यालाही नीट सांगता येत नाही. ‘दरवाजा लोटला आणि तो पूर्वीसारखाच कुरकुरला,’ इतकेच तो सांगतो.

पुढची तीन वर्षे त्याने त्या घरात घातली. एक म्हातारा सुतार त्याला शेजारच्या वाडीत सापडला. खांबांचे बुडखे वाळवीने पोखरले होते. सुताराने खांब काढला नाही. छपराला टेकू दिला, खांबाचा खालचा हातभर कुजका भाग कापला, त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा खाचेत खाच बसवून जोडला आणि खाली दगडाची उथाळी दिली. सांधा शोधून काढावा लागतो! मागची भिंत दादाने सिमेंटने नव्हे, चुन्याने बांधून घेतली. दगडमातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडत नाही, भिंत आतल्या आत भिजत राहते आणि एके दिवशी फुगून बसते. आपल्याकडच्या कित्येक जुन्या देवळांची हीच दशा झाली आहे, पण देवळाच्या कमिटीला हे सांगायला जाणार कोण! चुन्याला वेळ लागतो. तो भिजवायचा, मुरवायचा, लावल्यावर दिवसचे दिवस पाणी शिंपडायचे. गावातली माणसे येऊन बघत आणि म्हणत, ‘बँकवाले, एवढ्यात दोन बंगले झाले असते.’

आणखी एक गोष्ट. मोडलेल्या दोन तुळया आणि दीडेक हजार कौले आणायची कुठून? ती आली पूर्वेच्या शेजाऱ्याकडून. त्यांचे घर त्याच सुमारास उतरवले जात होते, व्यापाऱ्याचा ट्रक उभाच होता. दादाने ट्रकमधून माल परत उतरवून घेतला. एक घर मोडले म्हणून दुसरे दुरुस्त झाले.

मग त्याने ते विकायला का काढले? वाचकहो, हा प्रश्न ज्यांनी कधी कौलारू घर सांभाळले नाही तेच विचारतील. मृगाच्या आधी दरवर्षी शाकारणी करायची. कौले उतरवणारा माणूस आता मिळत नाही. माकडांची टोळी छपरावरून गेली की शंभर कौले फुटली म्हणून समजा. दादाचे गुडघे गेले, मुले बंगळूरला. वहिनीने तर स्वच्छ सांगितले की उरलेले आयुष्य मला छपराखाली काढायचे आहे, छपरावर नाही. वहिनीचे काही चुकले असे मला वाटत नाही.

गिऱ्हाईक मिळाले ते पुण्याचे. नवराबायको दोघेही डॉक्टर, पन्नाशी उलटलेले. त्यांना घर हवे होते, जमीन नव्हे! तशी माणसे असतात, यावर गावाचा अजून विश्वास बसलेला नाही. पण इथे आमच्या घरात तट पडले. धाकट्या मामांच्या मुलाने हिशेब मांडला की लाकूड वेगळे आणि जागा वेगळी विकली तर हाती अधिक पैसे येतात. हिशेब बरोबर होता. दुरुस्त केल्यामुळे लाकडाचा भाव उलट वाढला होता! व्यापारी म्हणाला, ‘आता वाळवी नाही ना, म्हणून.’

शेवटी घर अखंड विकायचे ठरले. दादाने आपल्या खर्चातली बरीच रक्कम सोडून दिली आणि धाकट्याची तूट भरून काढली. मग प्रश्न आला तो सह्यांचा. आजोबा १९७८ साली मृत्युपत्र न करता वारले. तीन मामा, माझी आई. मामांची मुले, मुली, एका मामेभावाची विधवा. एकूण सतरा सह्या. दादाने वकिलाला विचारून सोपा मार्ग काढला, तो आपल्याकडे घरोघरी काढतात. बायकांनी हक्कसोड पत्र करून द्यावे, म्हणजे खरेदीखतावर सह्या थोड्या होतील. मामेबहिणी तयार होत्या.

आई महाडला माझ्याकडे असते. वय अठ्ठ्याहत्तर. दादा कागद घेऊन आला. ‘आत्या, एवढी सही कर. पैसे तुझे तुला मिळतील, त्यात काही कमी नाही.’

आईने चष्मा लावला, कागद सावकाश वाचला आणि परत दिला. ‘यात मी काय सोडते आहे?’

‘तुझा हक्क.’

‘तो कुठे लिहिला आहे?’

दादा गप्प बसला. कारण तो कुठेच लिहिलेला नव्हता. गावठाणातल्या घराला सात-बारा नसतो. असते ती ग्रामपंचायतीच्या आकारणीची नोंद. तीवर आजोबांच्या मागे तीन मामांची नावे लागली होती. आईचे नाव लावायला हवे हे कोणाच्या मनातही आले नव्हते. तिच्याही नसेल.

‘आधी माझे नाव लावा,’ आई म्हणाली. ‘मग विका. सही मी खरेदीखतावर करीन, मालक म्हणून. सोडून द्यायची सही मी करणार नाही.’

मी आईकडे पाहतच राहिले. व्याह्यांसमोरही जिने कधी आवाज चढवला नाही ती ही बाई! पुढे मी पुस्तके काढून वाचली तेव्हा तिचे म्हणणे किती जुने आहे ते कळले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा दिला खरा. पण राहत्या घरापाशी आल्यावर कायद्याचा पाय अडखळला. कलम २३ असे होते की पुरुष वारसांनी वाटण्या करायचे मनात आणीपर्यंत मुलीला घराची वाटणी मागता येणार नाही. घरात राहण्याचा हक्क होता, पण कोणत्या मुलीला? अविवाहित, विधवा, नवऱ्याने टाकलेली किंवा त्याच्यापासून विभक्त झालेली. म्हणजे जिचा संसार सुखाचा झाला तिला माहेरच्या घरात कायद्याने जागा नव्हती! हे कलम २००५ साली रद्द झाले. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखे समभागी केले होते, पण त्या सालापूर्वी लग्न झालेल्यांना त्यातून वगळले होते. तेही पुढे सुटले. आईचे लग्न १९७० सालचे. कायदा तिच्यापर्यंत पोचेपर्यंत तिला नातवंडे झाली.

महाडच्या माणसाला खरे तर मालकीच्या कागदाचे महत्त्व सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामागून चाललेला दावा मात्र फारसा कोणी वाचत नाही. विरुद्ध पक्षाचे म्हणणे होते की तळे खाजगी मालकीचे आहे. तो वाद मुंबई हायकोर्टापर्यंत गेला आणि मार्च १९३७ मध्ये निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. त्याच डिसेंबरात, म्हणजे १९२७ च्या, दुसऱ्या परिषदेला मंडप घालायला महाडात जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. आणि इंग्लंडचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. विद्यार्थिदशेत, १९२१-२२ साली, बाबासाहेब लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात राहत होते. ते घर विक्रीला निघाले तेव्हा महाराष्ट्र सरकारने ते २०१५ साली विकत घेतले आणि तिथे स्मारक केले. तिथल्या नगरपालिकेने हरकत घेतली की हे राहते घर आहे, याचे संग्रहालय परवानगीवाचून करता येणार नाही. अपील, चौकशी होऊन परवानगी मिळाली ती २०२० मध्ये. आपल्या लोकांना तेव्हा राग आला होता. मला त्यातले दुसरेच लक्षात राहिले आहे. जिथे एक परका विद्यार्थी जेमतेम वर्ष-दीड वर्ष राहिला, ते घर नव्वद-पंचाण्णव वर्षांनी त्याच क्रमांकासह उभे होते, म्हणून तर विकत घेता आले! आपल्याकडे रायगडावर छत्रपतींच्या राजवाड्याचे जोते आहे. १८१८ च्या आगीत लाकूड गेले, दगड राहिला.

असो. आईच्या नावाची नोंद व्हायला पाच महिने लागले. वारस दाखले, शपथपत्रे, आजीचा मृत्यूचा दाखला, हेलपाटे. मध्यंतरी स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघू लागल्या होत्या, त्याचा थोडा उपयोग झाला. पुण्याचे डॉक्टर थांबले. आईचे पाहून मामेबहिणींनीही हक्कसोड पत्र करायचे नाकारले, आणि सतराच्या सतरा सह्या ठरल्या. दादा माझ्यावर रागावला, आईवर नाही. आत्यावर रागावता येत नाही म्हणून.

आईने आणखी एक सुचवले. खरेदीखतात असे लिहून घ्या की घेणाऱ्याने घर मोडायचे नाही. वकील हसले. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा असा आहे की एकदा पूर्ण मालकी दिली की ती कशी भोगावी हे विकणाऱ्याने सांगायचे नाही. सांगितले तरी ते बंधनकारक नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंची नियमावली आहे, देशातली पहिली. पण ती मुंबईपुरती. आमच्या आठ खणांना ती काय कामाची! डॉक्टरीणबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि आईला म्हणाल्या, ‘आजी, लिहून नाही देत; पण दिवाळीला येऊन बघून जा.’ आईने मान हलवली. होकार होता की नाही, ते मला कळले नाही.

खरेदीखत झाले त्या दिवशी आईने मालक म्हणून एकदाच सही केली, ती मालकी संपवण्यासाठी. सही करण्याआधी तिने आपले नाव छापलेली ओळ बोटाने शोधून काढली आणि वाचली. मग माहेरचे नाव कंसात का, असे कारकुनाला विचारले. ओळख पटावी म्हणून, असे त्याने सांगितले.

खतात घराचे वर्णन दीड ओळीचे आहे : ‘कौलारू घर एक, जोत्यासह.’ उथाळ्या नाहीत, सांधे नाहीत, चुना नाही, बाळंतिणीची खोली नाही. पण खाली चतुःसीमा दिली आहे, जुन्या कागदावरून जशीच्या तशी उतरवलेली. पश्चिमेस पायवाट, उत्तरेस वहाळ, दक्षिणेस देवस्थानची जागा. आणि पूर्वेस त्या शेजाऱ्यांचे राहते घर. ते घर आता तिथे नाही. त्याच्या दोन तुळया आमच्या माजघरावर आहेत, आणि त्या आता पुण्याच्या डॉक्टरांच्या झाल्या.